मलंगगडाची वहिवाट : कल्याण-ठाणे परिसरातील पंथापलीकडची भक्ती

उत्तर कोकणातील कल्याण हे फार जुने बंदर आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत तेथील रहिवाशांची नावे येतात, सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमून आलेला ख्रिस्ती बिशप असल्याची नोंद केली आहे, आणि जवळच्या अंबरनाथच्या शिवालयातील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. खाडीच्या वाटेने घोडे, मसाले आणि कापड यांच्याबरोबर धर्मही येत राहिले, आणि बंदरावर पोट असलेल्या लोकांना परक्याच्या देवाशी जुळवून घेण्याची सवय लागली. ही सवय मात्र सदासर्वकाळ टिकणारी नव्हती. १३२१ मध्ये ठाण्यास उतरलेल्या चार फ्रान्सिस्कन भिक्षूंना काझीपुढे नेण्यात आले, पैगंबरांविषयीचे त्यांचे मत विचारण्यात आले आणि त्या उत्तरासाठी त्यांना जिवे मारण्यात आले, असा वृत्तांत पुढे तेथे येऊन त्यांच्या अस्थी चीनकडे घेऊन गेलेल्या ओडोरिक या प्रवाशाने लिहून ठेवला आहे. तुझा पंथ कोणता, हा प्रश्न या खाडीकाठी किती महाग पडू शकत होता, याची ही बहुधा सर्वांत जुनी तपशीलवार नोंद असावी.

ज्या धर्माला लेखी शास्त्र आहे, त्या शास्त्राचा अर्थ सांगणारे अधिकारी आहेत आणि आत कोण व बाहेर कोण हे ठरवण्याची रीत आहे, त्यास येथे संघटित धर्म म्हटले आहे. अशा धर्माच्या कडेला, कधी त्याच्या आश्रयाने तर कधी त्याचा रोष पत्करून, भक्तीची आणखी एक वाट या परिसरात चालत आली. तिला स्वतःचे शास्त्र नाही, आणि तिचे लोक स्वतःला बंडखोर समजत नसल्यामुळे इतिहासाच्या साधनांत तिच्या खुणा सलग सापडत नाहीत. त्या सापडतात त्या दानपत्रांत, दाव्यांच्या कागदांत, कीर्तनांच्या आठवणींत आणि क्वचित एखाद्या कवीच्या चरित्रात; आणि कल्याणपुरते बोलायचे तर त्यांतील सर्वांत ठळक खूण गावाच्या दक्षिणेस सुमारे पंधरा किलोमीटरवर उभी आहे.

मलंगगड हा अडीच हजार फुटांच्या आसपास उंचीचा, टोकाशी सुळके असलेला किल्ला असून त्याच्या सुळक्यांवरून इंग्रजांनी त्यास ‘कॅथीड्रल रॉक’ असे नाव दिले. त्याच्या खालच्या पठारास पीर माची म्हणतात आणि या माचीवरच हाजी मलंग किंवा बावा मलंग या नावाने ओळखला जाणारा दर्गा आहे. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने नोंदवलेल्या परंपरेनुसार हाजी अब्दुल रहमान नावाचा अरब साधू सुमारे सातशे वर्षांपूर्वी नळ राजाच्या कारकिर्दीत अनुयायांसह येथे येऊन राहिला, आणि राजाने त्यास आपली मुलगी दिली. आज गडावर सांगितल्या जाणाऱ्या कथेत ही राजकन्या साधूची मानसकन्या असते; दोन्ही कथांत तिची कबर त्याच्या कबरीशेजारी आहे. गॅझेटियरचा हिशेब धरल्यास हा काळ बाराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा, म्हणजे उत्तर कोकणच्या शिलाहारांचा येतो. परंतु त्यांच्या ज्ञात वंशावळीत नळ नावाचा राजा आढळत नाही, त्यामुळे या कथेला राजकीय इतिहासाचा पुरावा मानता येत नाही. तिचे महत्त्व निराळे आहे. परक्या साधूचा आणि स्थानिक राजघराण्याचा संबंध तिने युद्धाचा न ठेवता नात्याचा ठेवला, आणि दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही कबरींपुढे वाकायला लावले.

मलंग ही संज्ञा फकिरांच्या एका वर्गासाठी वापरली जाते. सूफी मार्गात गुरुपरंपरेस सिलसिला म्हणतात, आणि जे फकीर एखाद्या सिलसिल्याशी जोडलेले असूनही शरीयतचे, म्हणजे इस्लामी आचारसंहितेचे, बाह्य नियम स्वतःवर बंधनकारक मानीत नाहीत त्यांस बे-शरा म्हणतात. मलंग हे बहुतेक करून याच गटात मोडतात: घरदार नाही, लग्न नाही, केस कापायचे नाहीत, मशिदीतील जमातीत उभे राहण्याचा आग्रह नाही, पुढच्या जेवणाची सोय नाही. या त्यागामागील कल्पना अशी की, ज्याच्याजवळ स्वतःचे म्हणून काही उरले नाही, प्रतिष्ठाही नाही आणि धार्मिक म्हणवून घेण्याचा अभिमानही नाही, तोच ईश्वराच्या प्रेमास मोकळा होतो. सूफी परिभाषेत या अवस्थेस फना, म्हणजे ‘मी’चे विरून जाणे, म्हणतात. नाथपंथातील अवधूताची कल्पना हिच्याशी इतकी जुळते की मध्ययुगीन महाराष्ट्रात नाथ आणि फकीर यांची स्थाने एकमेकांत मिसळली याचे नवल वाटू नये. नगर जिल्ह्यातील मढी येथील कानिफनाथांचे स्थान शाह रमजान माही सवार या नावानेही ओळखले जाते, आणि मलंगगडावरील समाधी मच्छिंद्रनाथांची आहे अशीही श्रद्धा आहे. संत एकनाथांनी भारुडांतून दरवेश आणि फकीर यांचे सोंग घेतले व ‘हिंदु-तुर्क संवाद’ लिहिला; त्यांच्या गुरूंचे गुरू चांद बोधले यांचा सूफींशी संबंध सांगितला जातो, आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी तर सूफी घरात जन्मून ‘योगसंग्राम’ हा मराठी ग्रंथ रचला. ही सर्व माणसे आपापल्या धर्मातच राहिली. मात्र देवापर्यंत पोहोचण्याचा मक्ता त्या धर्माकडे आहे, ही गोष्ट त्यांनी मान्य केली नाही.

मलंगगडाचा लिखित इतिहास सुरू होतो तो इंग्रज-मराठा युद्धात. १७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतले, त्याच वर्षी कॅप्टन अॅबिंग्टन याने मलंगगडाला वेढा दिला, खालची माची त्याच्या हाती लागली, पण बालेकिल्ला मराठ्यांनी सोडला नाही. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर इंग्रज हा मुलूख सोडून गेले, आणि लोकांनी या माघारीचे श्रेय बावा मलंगास दिले. गॅझेटियर सांगते की पेशवे सरकारातून कृतज्ञतेची भेट म्हणून मोत्यांची झालर लावलेली जरीची चादर आणि तिला चांदीचे खांब असे पाठवण्यात आले, आणि ती भेट नेण्याचे काम कल्याणचे ब्राह्मण काशीनाथपंत केतकर यांच्याकडे होते. पेशवाई ही वर्णाश्रमाच्या बाबतीत कडक समजली जाणारी राजवट. तिने एका पीराला चादर पाठवावी यात आजच्या वाचकाला विसंगती दिसते, पण त्या काळच्या दरबाराला ती दिसली नसावी, कारण पीरांना इनामे व मान देण्याची रीत शिवकाळापासून चालत आलेली होती.

केतकर चादर चढवून तसेच परतले नाहीत; त्यांनी मोडकळीस आलेल्या दर्ग्याचे काम हाती घेतले. या बांधकामाभोवती चमत्कारकथा जमल्या. दगड गवंड्यांशिवाय आपोआप घडले, अशा त्या आहेत. या कथा बाजूला ठेवल्या तरी जे उरते ते कमी विलक्षण नाही. सोवळ्याओवळ्याच्या नियमांत वाढलेल्या चित्पावन घराण्यातील एक गृहस्थ कबरीची डागडुजी करतो, तेथील फकिरांची व यात्रेकरूंची व्यवस्था पाहतो, आणि हे काम आपल्या वंशजांकडे सोपवून जातो, असे हे चित्र आहे. या व्यवस्थेस वहिवाट म्हणतात. वर्षानुवर्षे चालत आलेल्या रिवाजाने एखाद्या देवस्थानाचा कारभार पाहण्याचा जो हक्क मिळतो तो वहिवाटीचा हक्क, आणि तो पाहणारा वहिवाटदार. केतकरांनी मुसलमान होण्याची गरज कोणाला वाटली नाही, आणि दर्ग्याने समाधिमंदिर व्हावे अशी अट केतकरांनीही घातली नाही.

१८१७ मध्ये कल्याणच्या कोकणी मुसलमानांनी मुसलमान पीराच्या स्थानावर ब्राह्मणाचा कारभार का, अशी हरकत घेतली. तक्रार कलेक्टरपर्यंत गेली, आणि त्या अधिकाऱ्याने जो उपाय शोधला तो ब्रिटिश महसुली कारभाराच्या इतिहासात बहुधा एकमेव ठरेल: साधूची इच्छा काय हे चिठ्ठ्या टाकून पाहावे. गॅझेटियरच्या नोंदीनुसार तीन वेळा चिठ्ठ्या टाकल्या आणि तिन्ही वेळा काशीनाथपंतांच्या प्रतिनिधीचेच नाव निघाले, म्हणून त्यास रखवालदार जाहीर करण्यात आले. कलेक्टरने स्वतःवरची जबाबदारी मृत साधूवर ढकलली असे म्हणून हसता येईल. परंतु ज्या पक्षकारांनी हा कौल मान्य केला त्यांच्या दृष्टीने पाहिल्यास त्यांनी फार नेमकी गोष्ट मान्य केली होती, ती ही की या स्थानाचा मालक कबरीत आहे आणि बाहेरचे सर्व, मग ते ब्राह्मण असोत वा मुसलमान, त्याचे नोकर आहेत. नम्रतेला एखाद्या संस्थेत कायद्याइतके स्थान मिळाल्याचे याहून स्पष्ट उदाहरण या जिल्ह्याच्या इतिहासात सापडणे कठीण आहे.

हेही मान्य केले पाहिजे की वहिवाट म्हणजे केवळ सेवा नव्हे. माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत, ज्यास मुसलमान भाविक उरूस म्हणजे साधूच्या ईश्वराशी झालेल्या मिलनाचा उत्सव म्हणतात, हजारो लोक नवस फेडतात, चादर चढवतात, नारळ ठेवतात आणि पैसा टाकतात, आणि जेथे पैसा येतो तेथे सेवा आणि उत्पन्न यांच्यातील रेषा पुसट होते. विसाव्या शतकात हा प्रश्न दोनदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की हे स्थान संमिश्र स्वरूपाचे असल्यामुळे त्यास हिंदू कायदा किंवा मुसलमानी कायदा लागू होत नाही. त्याचा कारभार त्याच्या स्वतःच्या रूढींनी किंवा न्यासाच्या सर्वसाधारण कायद्याने चालावा. १९६८ च्या दुसऱ्या खटल्यात वाद होता तो सर्व्हे नंबर १३४ च्या जमिनीचा: ती वहिवाटदाराच्या खासगी मालकीची की दर्ग्याची? तिचे उत्पन्न घेत असूनही वहिवाटदाराने हिशेब हजर केले नाहीत याची नोंद घेऊन न्यायालयाने ती दर्ग्याची ठरवली. हातातला महत्त्वाचा कागद दडवणाऱ्या पक्षाविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढता येते, या तत्त्वासाठी हा निकाल आजही देशभरच्या दिवाणी न्यायालयांत दाखवला जातो. ज्या वकिलांच्या तोंडी तो रोज असतो त्यांपैकी किती जणांना तो मलंगगडाचा आहे हे ठाऊक असेल, हा प्रश्न येथे जाता जाता मनात येतो.

या दोन निकालांकडे एकत्र पाहिले तर पंथापलीकडच्या भक्तीची अडचण नेमकी कळते. पहिल्या निकालाने तिला मोकळीक दिली, कारण कोणत्याही एका धर्माच्या चौकटीत ती बसत नाही हे ओळखले. दुसऱ्याने त्या मोकळिकीवर हिशेबाचा लगाम घातला, कारण चौकट नसलेल्या ठिकाणी सेवकाचा मालक व्हायला वेळ लागत नाही. १९८० च्या दशकापासून मात्र वादाचे स्वरूपच बदलले. शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांनी हे स्थान मच्छिंद्रनाथांची समाधी असल्याचे सांगून गडाच्या मुक्तीचे आंदोलन उभे केले, माघ पौर्णिमेला तेथे आरती होऊ लागली, आणि जुन्या वहिवाटीत ज्याला जागा नव्हती तो ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न दरवर्षी पोलीस बंदोबस्तात विचारला जाऊ लागला. नाथांचे स्थान की पीराचे, याचा निर्णय उपलब्ध साधनांवरून लावणे शक्य नाही. जे लावता येते ते इतकेच की गेल्या अडीचशे वर्षांतील बहुसंख्य भाविकांना हा निर्णय लागण्याची गरज भासली नव्हती.

गडाखालच्या शहरांत हीच वृत्ती विसाव्या शतकाच्या आरंभी निराळ्या रूपात दिसते, आणि तिचे वाहन कीर्तन हे आहे. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आणि त्यानंतर लगेच कल्याणपर्यंत रेल्वे आल्यामुळे ठाणे हे कचेऱ्यांचे व कारकुनांचे गाव झाले होते, आणि या कारकुनांच्या संध्याकाळी देवळांतील कीर्तनांनी भरत असत. पूर्वी पोलीस खात्यात असलेले दासगणू महाराज तेथे कीर्तनाला येत आणि शिर्डीच्या साईबाबांची कथा सांगत. साईबाबा मशिदीत राहत, तेथे धुनी पेटती ठेवत, मशिदीला द्वारकामाई म्हणत, आणि आपला धर्म कोणता हे कोणाला नीट कळू देत नसत. त्यांची कथा ठाण्यात प्राचीन कौपीनेश्वर शिवमंदिरात सांगितली जात होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरित’ या ओवीबद्ध ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात या कीर्तनांशी निगडित दोन गोष्टी आल्या आहेत. पहिली दासगणूंच्या पोशाखाची: नारदीय पद्धतीचा कीर्तनकार अंगरखा, उपरणे आणि फेटा अशा थाटात उभा राहतो, आणि दासगणू एकदा असेच सजून निरोप घ्यायला आले असता साईबाबांनी हा नवरदेवाचा थाट कशाला असे विचारून तो उतरवायला लावला, तेव्हापासून ते उघड्या अंगाने, हाती चिपळ्या आणि गळ्यात हार एवढ्यानिशी कीर्तन करीत. दुसरी गोष्ट चोळकर नावाच्या, ठाण्याच्या दिवाणी कचेरीत कच्च्या नोकरीवर असलेल्या गरीब गृहस्थाची आहे. कौपीनेश्वराच्या देवळात कीर्तन ऐकून त्याने मनोमन नवस केला की खात्याच्या परीक्षेत उतरून नोकरी कायम झाली तर शिर्डीस जाऊन खडीसाखर वाटीन, आणि नोकरी कायम झाल्यावर प्रवासाचे पैसे जमेपर्यंत त्याने चहातली साखर सोडली. तो शिर्डीत पोहोचल्यावर बाबांनी त्याचे यजमान जोग यांना सांगितले की या पाहुण्याला साखर भरपूर घालून चहा द्या. ग्रंथकाराने या प्रसंगाचा उपयोग बाबांचे अंतर्ज्ञान दाखवण्यासाठी केला आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्यातील चहाच जास्त बोलका आहे. या भक्ताने दीक्षा घेतली नाही, व्रत पुरोहिताला विचारून केले नाही, देवळात बसून मशिदीतल्या फकिराला नवस बोलला, आणि परवडणाऱ्या एकमेव चैनीचा त्याग कोणाला न सांगता केला. १९१८ मध्ये साईबाबांचे निधन झाल्यानंतर काही वर्षांतच शिर्डीचा कारभार न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेखाली आला आणि तेथेही मलंगगडाप्रमाणेच विश्वस्त आणि हिशेब यांचे युग सुरू झाले.

याच सुमारास महाराष्ट्रात एका माणसाने उलट दिशेने प्रवास केला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला, पण १८६८ ते १८७३ ही शिक्षणाची पहिली वर्षे त्यांनी कल्याणात काढली. आई वारल्यावर ते नाशिकला गेले. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे जाणकार, कवी आणि स्वभावाने भटके असे टिळक जातिभेद नसलेल्या धर्माच्या शोधात होते, आणि रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेल्या बायबलातील गिरिप्रवचन वाचून ते येशूकडे वळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार, घेतला. यानंतर त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसहून अधिक वर्षे काम केले, पाळकपदाची दीक्षा घेतली, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाची मराठी बाजू सांभाळली, आणि वारकरी अभंगाच्या वळणाची शेकडो ख्रिस्ती भजने लिहिली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो अशा अर्थाचे ते बोलत.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची कहाणी तर त्यांच्याहूनही शिकवणारी आहे. पतीच्या धर्मांतराने त्या कोसळल्या, सुमारे पाच वर्षे वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही वेगळी चूल आणि सोवळे सांभाळीत राहिल्या, आणि मग कोणत्याही प्रवचनाने न होता, भोवतालच्या माणसांशी रोज वागता वागता, जात ही देवाने केलेली नसून माणसाने केलेली आहे या निष्कर्षाप्रत आल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सर्व त्यांनी स्वतःलाच हसत सांगितले आहे. स्वतःचे सोवळे हास्यास्पद वाटू लागणे ही मुक्तीची पायरी म्हणून धर्मशास्त्रांत नोंदलेली नाही, पण मराठी गद्यात तिची नोंद या पुस्तकाने केली.

टिळकांना मात्र एक धर्म सोडून दुसऱ्यात आल्याने समाधान झाले नाही. मिशनच्या पगारावर चालणारी, परदेशी रीतीभातींत बांधलेली मंडळी पाहून त्यांना वाटू लागले की ख्रिस्त आणि ख्रिस्ती संस्था या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशीच न घेतलेल्यांनाही. येशूला गुरू मानणे आणि बंधुभावाने वागणे पुरेसे होते. मिशनरी वर्तुळात याबद्दल अस्वस्थता होती आणि हिंदू समाजात संशय, कारण सीमेवर उभ्या राहणाऱ्याकडे दोन्ही बाजूंचे पहारेकरी सारख्याच नजरेने पाहतात. दरबाराला दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेनुसार दफनाऐवजी दहन झाले आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या.

मलंगगडाच्या वहिवाटीत आणि टिळकांच्या दरबारात मोठा फरक आहे. गडावर कोणी काही स्थापन केले नव्हते; जे होते ते सांभाळायला एक माणूस पुढे आला, आणि त्याचा धर्म विचारात घेतला गेला नाही. टिळकांना सीमा पुसायची होती, म्हणून त्यांना एक नाव द्यावे लागले, सभासद जमवावे लागले, आणि त्यांच्यामागे ते सांभाळणारा काशीनाथपंत मिळाला नाही. दरबार विस्कटला. त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि त्यांची भजने ‘उपासना संगीत’ या संग्रहातून मराठी प्रोटेस्टंट चर्चच्या रविवारच्या उपासनेत जाऊन बसली, म्हणजे ज्या मंडळीच्या चौकटीतून ते बाहेर पडले होते तिनेच ती गात ठेवली.